व्यसनमुक्ती आणि ख्रिस्ती श्रद्धा: मुंबई-वसईत मदत कुठे, कशी, आणि कुठे चुकतं

पापडीकर (धागाकर्ता)

राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस, जवळ आला की वसईपासून वांद्र्यापर्यंत एकच विचारणा सुरू होते. चर्चमधून दारू सुटते का? फादरांना सांगितलं तर ते काय करतात? केंद्र कुठलं चांगलं? उत्तरं तुकड्यातुकड्यांत मिळतात, त्यातली काही घातकही असतात, म्हणून सगळं एका जागी आणायला हा धागा. जाणकारांनी भर घालावी. आपबीतीसाठी वेगळा धागा आहे. ज्याच्या घरी आज रात्री प्रश्न उभा आहे त्याच्या कामाचं असेल तेवढंच इथे लिहूया.

सुरुवात धोक्यापासून करतो. उपवासकाळात दारू सोडायचा नेम करणं ही आपली जुनी, चांगली रीत. पण रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने मंगळवारी रात्री शेवटचा पेग घेऊन बुधवारी सकाळी कपाळाला राख लावली आणि एकदम थांबवलं, तर त्याच्या जिवाला धोका असतो. नेम मोडू नका, पण राखेच्या बुधवारच्या आधीच्या आठवड्यात डॉक्टर गाठा. सोडण्याची तारीख त्यांच्याबरोबर ठरवा.

दुसरी गोष्ट, "मी चाळीस दिवस सोडतो म्हणजे मी व्यसनी नाही" हा युक्तिवाद. राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत दिवस भरतात ४६. रविवार उपवासात धरत नाहीत म्हणून ४० होतात, आणि पुष्कळजण ते सहा रविवार पिण्यासाठी मोकळे ठेवतात. बाकी दिवस ईस्टरकडे डोळे लावून काढले तर ती नुसती वाट पाहणं झाली. खूण ईस्टरच्या सोमवारी कळते: थोडक्यावर थांबता येतं की दोन दिवसांत पूर्वीच्या मापावर गाडी येते? दुसरं होत असेल तर हे नेमाच्या ताकदीबाहेरचं आहे, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आता कुठे जायचं. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात १९८१ साली फादर जो परेरा यांनी कृपा फाउंडेशन सुरू केलं. वसईतही त्यांचं केंद्र आहे. बारा पायऱ्यांचा कार्यक्रम (एएने घालून दिलेली व्यसन सोडण्याची वाट) आणि बी. के. एस. अय्यंगारांच्या पद्धतीचा योग यांची सांगड ही त्यांची ओळख. सगळ्या धर्मांची माणसं तिथे येतात. बॉम्बे टीन चॅलेंज १९९० पासून कामाठीपुरा आणि रस्त्यावरच्या व्यसनींमध्ये काम करतं, त्यांची पद्धत उघडपणे बायबलवर आधारलेली आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, ही दारू सोडणाऱ्यांची परस्पर आधाराची संघटना भारतात १९५७ पासून आहे. मुंबईत त्यांच्या सभा अनेकदा चर्चच्या किंवा शाळेच्या हॉलमध्ये भरतात, पण एए कुठल्याही धर्माची संस्था नाही. केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, तिथे केसपेपरच्या खर्चात तपासणी होते. कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल तर सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६.

---

वॉर्ड_सिस्टर

पापडीकरांच्या पहिल्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. जरा तपशिलात लिहिते, कारण घरचे लोक नेमके इथेच गाफील राहतात.

शेवटच्या पेगनंतर ६ ते १२ तासांत हाताला कंप, घाम, मळमळ, छातीत धडधड, झोप उडणं. १२ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. ४८ ते ९६ तासांत काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, कुणीतरी हाका मारतंय असं वाटतं, वेळ-जागा कळत नाही, ताप चढतो. याला डीटी म्हणतात आणि उपचार न मिळाल्यास माणूस दगावतो. अशा वेळी घरात "याला बाहेरचं काही लागलंय" म्हणून रात्रभर प्रार्थना चालते आणि सकाळपर्यंत वेळ निघून जाते. प्रार्थना रुग्णालयाच्या बाकावर बसूनही होते. आधी टॅक्सी बोलवा, नाहीतर १०८.

डॉक्टरांना या गोष्टी खऱ्या सांगा: शेवटचा पेग किती वाजता, रोज किती क्वार्टर, देशी की इंग्लिश, पूर्वी कधी फिट आली होती का, झोपेच्या गोळ्या चालू आहेत का, कावीळ किंवा रक्ताची उलटी झाली होती का. १८० मिलीच्या इंग्लिश दारूच्या एका क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, त्यामुळे "दोनच क्वार्टर" हे मुळीच कमी नाही. बायकोसमोर आकडा निम्म्यावर येतो, म्हणून पेशंटला एकट्याने बोलू द्या.

गल्लीतल्या दवाखान्यात "अशक्तपणा आलाय, ग्लुकोज लावा" ही फर्माईश करू नका. बरीच वर्षं पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, संपत आलेलं असतं. ते आधी न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते: डोळे फिरणं, तोल जाणं, स्मृती जाणं. त्यातलं काही कायमचं राहतं. थायमिन आधी, तेही बहुधा इंजेक्शनने.

गर्दची, म्हणजे ब्राउन शुगरची गोष्ट वेगळी. त्याचा त्रास ८ ते १२ तासांत सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठतो आणि आठवडाभरात ओसरतो. अंगदुखी, जुलाब, नाक-डोळे गळणं, तळमळ. त्रासाने जीव जाण्याची भीती दारूपेक्षा कमी, पण पाणी कमी पडू देऊ नका. खरा धोका नंतर आहे. महिनाभर बंद राहिलं की शरीराची सहनशक्ती उतरते, आणि माणूस जुन्या मापाने घेतो तेव्हा श्वास थांबतो. केंद्रातून घरी आल्यावरचे पहिले काही आठवडे यासाठी सगळ्यात वाईट.

एमडी, म्हणजे मेफेड्रोन हा अमली पदार्थ, सोडल्यावर अंगाला फार होत नाही, मन मात्र खचतं. झोपून राहणं, चिडचिड, जगण्यात अर्थ नाही असं बोलणं. असं बोलणं ऐकलं तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ. झोपेच्या गोळ्यांची सवय असेल तर त्या एकदम बंद करू नका, त्यातही फिट येते.

---

गिरगावची_लेक

घरात विषय निघाला की आमच्याकडे पहिला प्रश्न हाच: चर्चच्या केंद्रात हिंदू माणसाला घेतात का, आणि घेतलं तर धर्म बदलायला लावतील का? स्पष्ट विचारते, कुणी रागावू नका.

---

पापडीकर

@गिरगावची_लेक, ताई, रागावण्यासारखं काहीच नाही. हा प्रश्न भरतीच्या आधी विचारायचाच असतो. केंद्राला सरळ विचारा: सकाळच्या प्रार्थनेला बसणं सक्तीचं आहे का? न बसणाऱ्याने त्या वेळात काय करायचं? स्वतःची पोथी, जपमाळ, नमाजाची चटई आणता येते का? "उच्च शक्ती" म्हणून ज्याने त्याने आपला देव धरला तर चालतं का? बारा पायऱ्यांत "देव, जसा आपल्याला समजला तसा" अशीच मांडणी आहे, त्यामुळे त्या पद्धतीच्या केंद्रात विठ्ठलाला हाक मारणाऱ्याची अडचण होत नाही. जिथे अख्खा दिवस बायबलच्या अभ्यासाभोवती बांधलेला असतो तिथे ते आधीच सांगतील, आणि सांगायला हवं. ते मान्य नसेल तर दुसरं केंद्र निवडा. उपचार आणि धर्मांतर यांची कुणी अट घालून गाठ मारत असेल तर तिथून उठा. ख्रिस्ती म्हणूनच हे सांगतो: येशूने बरं करण्याआधी कुणाकडून अर्ज भरून घेतला नव्हता.

---

मंगळवार_भायखळा

बारा पायऱ्यांविषयी थोडं, कारण चर्चच्या लोकांना त्या परक्या वाटतात आणि बाकीच्यांना फार ख्रिस्ती वाटतात.

१९३५ साली अमेरिकेत ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ यांच्या भेटीतून एए उभं राहिलं. दोघेही ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीत जात असत. पापाची कबुली, नुकसानभरपाई, रोजची शांत वेळ, दुसऱ्याला मदत, हे सगळं तिथून आलं. सुरुवातीच्या त्या मंडळींत डोंगरावरचं प्रवचन, याकोबाचं पत्र आणि करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय जास्त वाचला जाई. याकोब ५:१६ मध्ये आपली पातकं एकमेकांजवळ कबूल करण्याविषयी आहे. पाचवी पायरी तिथे सापडते. पुढे इतर धर्मांच्या आणि धर्म न मानणाऱ्यांसाठी दार उघडं राहावं म्हणून भाषा मोकळी केली.

उघडपणे ख्रिस्ती चौकट हवी असेल तर सेलिब्रेट रिकव्हरी हा कार्यक्रम आहे. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक चर्चमध्ये जॉन बेकर यांनी सुरू केला. त्यात मत्तय ५ मधल्या धन्यवचनांवर बेतलेली आठ तत्त्वं आहेत.

माणसं अडकतात ती चौथ्या आणि पाचव्या पायरीवर, म्हणून तिथे थांबतो.

चौथी पायरी म्हणजे स्वतःची लेखी झडती. दोनशे पानी वही घ्या, पानावर चार रकाने आखा: कुणाचा राग आहे, कशामुळे, माझं काय दुखावलं (पैसा, मान, सुरक्षितता, नातं), आणि यात माझा वाटा काय. चौथा रकाना कोरा राहिला तर ती झडती न होता तक्रारवही होते. रागाच्या यादीनंतर भीतीची यादी, मग ज्यांना आपण दुखावलं त्यांची. एका रात्रीत उरकू नका, रोज अर्धा-पाऊण तास पुरे. डिटॉक्सच्या पहिल्या दोन आठवड्यांत तर बिलकूल नको. तेव्हा झोप, पचन, स्मृती काही जागेवर नसतं आणि माणूस स्वतःला नुसता झोडपून घेतो. आधी स्पॉन्सर धरा, म्हणजे या वाटेने आपल्या आधी गेलेला माणूस, मग वही. वही कुलपात ठेवा.

पाचवी पायरी: देवासमोर, स्वतःसमोर आणि एका माणसासमोर ते बोलून दाखवायचं. कॅथलिक लोक विचारतात, मग कुमसार, म्हणजे फादरांजवळचं पापनिवेदन, आहेच की. दोन्हींत फरक आहे. शनिवारी संध्याकाळी पापनिवेदनाच्या रांगेत मागे पंधराजण उभे असतात, तिथे पाच मिनिटं मिळतात आणि पापं सांगायची असतात. पाचव्या पायरीला दोन-तीन तास लागतात, त्यात भीती, सवयी, स्वभावाची वळणं असं पापाच्या पलीकडचंही येतं. फादरांकडेच करायची असेल तर आधी वेळ मागून घ्या आणि सुरुवातीलाच ठरवा की हा संस्कार आहे की मार्गदर्शन. संस्कारात सांगितलेलं फादर कुठल्याही परिस्थितीत, कुणालाही सांगू शकत नाहीत, तो चर्चचा कायदा आहे. साध्या भेटीतलं बोलणंही ते गुप्त ठेवतील, पण त्याला संस्काराचं ते मोहोरबंद कुलूप नसतं. पुष्कळजण स्पॉन्सरबरोबर पाचवी पायरी करून मग कुमसारला जातात. मला हा क्रम चांगला वाटतो, कारण तोवर काय सांगायचं ते स्वच्छ झालेलं असतं.

नववी पायरी नुकसानभरपाईची. इथे उत्साह घात करतो. पायरीतच अट आहे की त्याने कुणाचं नुकसान होणार असेल तर करायचं नाही. बायकोला सगळं एका दमात सांगून आपलं ओझं तिच्या छातीवर टाकणं ही भरपाई नव्हे. पैशाचं मात्र टाळू नका. पतपेढी, सोसायटीची थकबाकी, दुकानदार, दागिना गहाण ठेवलेला सोनार, सगळ्यांची यादी करून महिन्याला झेपेल तेवढा हप्ता ठरवा आणि तो कागदावर द्या. "पगार झाला की सगळं फेडतो" हे वाक्य त्या लोकांनी आधीच खूप वेळा ऐकलेलं असतं.

---

द्राक्षवेल

सगळ्यांचा मान राखून एक विचारतो. ख्रिस्तात माणूस नवी उत्पत्ती होतो असं आपण मानतो. मग जन्मभर "मी व्यसनी आहे" म्हणत राहणं आणि गोळ्या घेणं हा अविश्वास नाही का? आमच्या सभेत असे लोक आहेत जे एका प्रार्थनेत सुटले.

---

मंगळवार_भायखळा

@द्राक्षवेल, भाऊ, एका प्रार्थनेत ओढ गेली अशी माणसं असतात, ते नाकारत नाही. पण त्यावरून नियम केला की ज्यांची गेली नाही त्यांच्या पदरी दुहेरी दोष येतो: व्यसनही आणि विश्वास कमी असल्याचंही. मग ते घसरल्यावर सभेलाच यायचे बंद होतात, म्हणजे जिथे आधार होता तेच दार बंद.

लूक १७ मध्ये दहा कुष्ठरोगी येशूकडे येतात तेव्हा तो त्यांना याजकांना दाखवायला पाठवतो. त्या काळी बरं झालं की नाही हे तपासणं याजकांचं काम होतं. बरं करणाऱ्याने स्वतः तपासणीला पाठवलं. ज्या लूकचं शुभवर्तमान आपण वाचतो त्याला पौल कलस्सैकरांस पत्रात प्रिय वैद्य म्हणतो. कॅथलिक बायबलमध्ये बेनसिराच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय वैद्याचा मान राखा, तोही देवानेच नेमला आहे, असं सांगतो.

नावाचं म्हणाल तर सेलिब्रेट रिकव्हरीच्या गटांत लोक आधी आपण ख्रिस्ताचे विश्वासू आहोत असं सांगतात आणि मग कशाशी झगडा चालू आहे ते. ज्यांना एएची ओळख खटकते त्यांच्यासाठी ही वाट आहे. गोळ्यांची गोष्ट डॉक्टरांवर सोडा. उपासनेत जोशात "आजपासून गोळी बंद" असं कुणी जाहीर करत असेल, मग ती फिटची गोळी असो की मनाच्या आजाराची, तर पाळकांनी तिथल्या तिथे थांबवायला हवं.

---

द्राक्षवेल

लूक १७ असा वाचला नव्हता. पाळकांशी बोलतो.

---

उत्तनकर

दारू सोडण्यासाठी देतात ती डायसल्फिरामची गोळी चालू असताना कम्युनियन, म्हणजे उपासनेतली पवित्र भाकर आणि द्राक्षारस, घ्यावं का? हा प्रश्न लोक डॉक्टरांनाही विचारत नाहीत आणि फादरांनाही. त्यापेक्षा गोळी सोडतात.

---

वॉर्ड_सिस्टर

@उत्तनकर, फार कामाचा प्रश्न.

डायसल्फिराम चालू असताना दारू पोटात गेली की चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब उतरतो. हृदय कमजोर असेल तर जिवावर बेतू शकतं. गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम राहू शकतो, त्यामुळे "लग्नाच्या दोन दिवस आधी बंद करतो" चालत नाही.

कॅथलिक मिस्सामध्ये, म्हणजे उपासनेत, बहुतेक ठिकाणी लोकांना फक्त भाकर मिळते. जिथे ती द्राक्षारसात बुडवून देतात तिथे फादरांना आधी सांगून कोरी मागा. चर्चची शिकवण अशी की एकाच रूपातही ख्रिस्त पूर्ण असतो, त्यामुळे काही कमी पडत नाही. प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये प्रभुभोजनाला काही ठिकाणी खरी वाइन असते, काही ठिकाणी न आंबवलेला द्राक्षरस. मेथडिस्टांमध्ये रसाची रीत जुनी आहे. पाळकांना आठवड्याच्या मधल्या दिवशी विचारून ठेवा, रविवारी रांगेत नको. आणि स्वतः व्यसनातून सावरणाऱ्या धर्मगुरूंसाठीही सोय आहे: वरिष्ठांच्या परवानगीने त्यांना मिस्सासाठी मुस्टुम, म्हणजे जेमतेम आंबवलेला द्राक्षरस, वापरता येतो.

घरातली इतर दारू कुणाच्या लक्षात येत नाही. द्राक्षासव, अशोकारिष्ट यांसारख्या आसव-अरिष्टांत मुळातच अल्कोहोल असतं. काही खोकल्याची औषधं, काही माउथवॉश, होमिओपॅथीचे थेंब. नाताळचा केक, ज्यातली सुकी फळं महिनाभर रममध्ये भिजत होती. लेबल वाचा, केमिस्टला विचारा. व्हिनेगर घातलेल्या पदार्थांबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या.

आणि ही गोळी न सांगता वरणात किंवा चहात कधीही घालू नका. लोकलच्या डब्यात "न सांगता दारू सोडवा" अशी पत्रकं चिकटवलेली असतात, त्यातल्या पुड्यांत काय आहे ते कुणालाच ठाऊक नसतं. ज्याला माहीतच नाही तो संध्याकाळी तीन पेग घेईल आणि रात्री आयसीयूत असेल. समजा जगला, तरी घरचं जेवण पुन्हा विश्वासाने जेवणार नाही.

---

मरोळकर

केंद्र निवडताना कायद्याचं थोडं माहीत असावं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक विकारही येतात. शक्यतो माणूस स्वतःच्या संमतीने भरती होतो. तो निर्णय घेण्याच्या स्थितीतच नसेल तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर भरती करता येते, पण त्यासाठी दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासायला लागतं, त्यातले एक मानसोपचारतज्ज्ञ, आणि पहिली मुदत ३० दिवसांची. साखळीने बांधणं कायद्याने पूर्ण बंद आहे. "गाडी पाठवतो, चार पोरं येतील, उचलून नेतील, सहा महिने भेटायचं नाही" असं फोनवर सांगणारं केंद्र दारावर कुठलाही क्रॉस लावून बसलेलं असो, नाही म्हणा.

पाहायला स्वतः जा, तेही न कळवता, दुपारी. नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर आहे का? डॉक्टर कुठल्या वारी, किती तास येतात? रात्री दोनला फिट आली तर कोणत्या रुग्णालयात नेतात? आधीपासून चालू असलेल्या गोळ्या चालू ठेवतात का? याचं उत्तर "आमच्याकडे फक्त प्रार्थनेने" असं आलं तर दारू आणि झोपेच्या गोळ्यांच्या रुग्णासाठी ती जागा धोक्याची आहे. घरच्यांशी फोन आणि भेट कधी? पैसे महिन्याचे की आगाऊ सगळे, आणि मधेच सोडलं तर परत किती? घरी गेल्यावरच्या पहिल्या तीन महिन्यांचं काय? या शेवटच्या प्रश्नावर जे केंद्र लांब उत्तर देतं ते बहुधा चांगलं.

गर्दच्या मुलांचे आईवडील पोलिसांच्या भीतीने येत नाहीत. एनडीपीएस कायद्यात कलम ६४अ आहे: सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा गुन्हा असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं. वकिलाचा सल्ला घ्या, पण भीतीने घरात कोंडून ठेवू नका.

---

गिरगावची_लेक

आणि घरच्यांनी काय करायचं? सगळे म्हणतात "तुम्ही खंबीर राहा". खंबीर म्हणजे नेमकं काय?

---

माहीम_बुधवार

@गिरगावची_लेक, ताई, बुधवारी माहीमच्या नोव्हेनाला मेणबत्ती घेऊन उभ्या असलेल्या पुष्कळ बायकांच्या मनात हाच प्रश्न असतो. नेमकं सांगते.

ऑफिसला "ताप आहे" असा फोन तुम्ही करायचा नाही. बारची उधारी, मित्रांचं कर्ज तुम्ही फेडायचं नाही. बाटली शोधून सिंकमध्ये ओतायची नाही, त्याने फक्त लपवायच्या जागा बदलतात. प्यालेला असताना वाद नाही. बोलायचं ते सकाळी, शांतपणे, दोन वाक्यांत. धमकी देऊन पाळायची नसेल तर देऊ नका. पगाराचं खातं, रेशन, मुलांची फी यांची व्यवस्था वेगळी करा. आणि मारहाण होत असेल तर प्रार्थना, क्षमा, संसार या सगळ्याआधी तुम्ही आणि मुलं सुरक्षित जागी. पोलिसांचा ११२, महिलांसाठी १८१. क्षमा करणं म्हणजे मार खात राहणं नव्हे, हे फादरांनीही व्यासपीठावरून सांगायला हवं.

स्वतःसाठी अल-अ‍ॅनॉन आहे, व्यसनींच्या नातेवाइकांचे गट, १९५१ पासून जगभर चालतात, मुंबईतही आहेत. किशोरवयीन मुलांसाठी अ‍ॅलाटीन. नवरा जात नसला तरी तुम्ही जायचं. किमान सहा सभा तरी बसा, एकीवरून मत करू नका. तिथेही सुरुवातीला किंवा शेवटी शांतीची प्रार्थना म्हणतात, जी प्रोटेस्टंट ईशपंडित राइनहोल्ड नीबूर यांच्या नावावर आहे: बदलता येत नाही ते स्वीकारायला शांती, बदलता येतं त्यासाठी धैर्य, आणि दोन्हींतला फरक ओळखायला शहाणपण. घरच्यांचं सगळं काम त्या तिसऱ्या मागणीत आहे.

---

उत्तनकर

रोजच्या वेळापत्रकाचं लिहितो, कारण "प्रार्थना करा" एवढं सांगून भागत नाही.

धोक्याची वेळ संध्याकाळी सात ते नऊ. स्टेशनवरून घराकडे येताना बार लागत असेल तर वाट बदला, जिना बदला, लागलं तर एक स्टेशन पुढे उतरून रिक्षा. पहिले ९० दिवस रोज एक सभा हा एएतला जुना सल्ला आहे. कांदिवलीत राहून चर्चगेटला नोकरी असेल तर सभा वाटेतल्या स्टेशनजवळची धरा, घरी जाऊन परत निघणं होत नाही.

ओढ उठते तेव्हा ती कायमची वाटते, पण बहुधा १५ ते ३० मिनिटांत ओसरते. पाच दशकांची (दहा-दहा मण्यांच्या पाच भागांची) रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, साधारण तेवढाच वेळ घेते. मोठ्याने आणि चालत म्हणा, बसून नको. प्रोटेस्टंट मंडळींनी एखादं लांब स्तोत्र पाठ करून ठेवावं. त्याआधी एक फोन. फोन आधी आणि प्रार्थना नंतर, असंच सांगतो, कारण एकट्याने प्रार्थना करताना मन सौदे करतं. भूक, राग, एकटेपणा, थकवा या चारांपैकी काय आहे ते बघा. निम्म्या वेळा वडापाव खाऊनच ओढ कमी होते.

रात्री संत इग्नेशियस यांनी शिकवलेली दिवसाची तपासणी दहा मिनिटं: आभार, प्रकाश मागणं, दिवस तासातासाने आठवणं, जिथे चुकलं तिथे क्षमा, उद्याचा एक ठराव. एकच. दहावी पायरी, म्हणजे रोजची स्वतःची झडती, यात आपोआप होते.

नाताळ आणि लग्नसराई वेगळी. आपल्या ईस्ट इंडियन लग्नांत उंबराच्या पाण्याच्या विधीपासून ग्लास फिरायला लागतात, खिमाड ही मसाल्याची दारू तर आजीच्या हातून येते, तिला नाही कसं म्हणणार? म्हणून पहिल्या वर्षी मिस्साला जा, जोडप्याला आहेर द्या, हॉलवर जाऊ नका. जावंच लागलं तर सोबतीला न पिणारा एकजण, हातात कायम भरलेला सरबताचा ग्लास, निघायची वेळ आधीच सांगितलेली. यजमानांनी एवढं करावं: "थोडीशी घे, आज काय होतंय" हे वाक्य बोलू नये, आणि टोस्टसाठी एक जग सरबताचा वेगळा ठेवावा.

---

मरोळकर

घसरण झाली तर? लोक महिनाभर तोंड लपवतात, त्यात खरं नुकसान होतं.

---

वॉर्ड_सिस्टर

२४ तासांच्या आत तिघांना कळवा: स्पॉन्सर, डॉक्टर, घरातलं एक माणूस. एक दिवस प्यायले असाल आणि दोन आठवडे प्यायले असाल तर उपचार वेगळा. दुसऱ्यात पुन्हा डिटॉक्स लागू शकतो, घरी एकदम थांबवू नका. गर्दची घसरण असेल तर एकट्याने बंद खोलीत पडू देऊ नका. श्वास मंद, ओठ निळे, हाक मारून उठत नाही, तर कुशीवर वळवा आणि १०८. नाल्ट्रेक्सोन हे ओढ रोखणारं औषध चालू करायचं असेल तर शरीर आधी साधारण ७ ते १० दिवस अफूवर्गी पदार्थांपासून रिकामं लागतं, नाहीतर जबर त्रास उसळतो. नंतर वही काढून घसरणीच्या आधीचे तीन दिवस लिहा. पेल्यापर्यंत जायच्या आधी बहुधा सभा चुकलेली असते, झोप बिघडलेली असते, कुणाशी तरी अबोला असतो.

---

द्राक्षवेल

पाळक हॉल द्यायला तयार आहेत. आमच्या मंडळीत गट सुरू करायचा तर काय काय लागेल?

---

पापडीकर

@द्राक्षवेल, आनंद वाटला. एएचा गट हवा असेल तर त्यांच्या कार्यालयाशी बोला. ते हॉलचं भाडं स्वतः देतात, फुकट घेत नाहीत, आणि सभेवर मंडळीचं नियंत्रण ठेवता येणार नाही हे आधी मान्य करा. मंडळीचाच प्रार्थना-आधार गट काढायचा असेल तर चार-पाच माणसांवर सुरू करा. वार आणि वेळ ठरली की बदलू नका, नाताळच्या आठवड्यातही नाही; त्या आठवड्यात तर सभा हवीच. दीड तास पुरे. शास्त्रपाठ दहा मिनिटं, बाकी वेळ बोलणं, आणि एकजण बोलताना दुसऱ्याने सल्ला द्यायचा नाही. पुरुषांचा आणि बायकांचा गट वेगळा ठेवा. हजेरीपट नको. रविवारच्या विनंती-प्रार्थनेत कुणाचं नाव घेऊ नका, "अमुक भावाची दारू सुटावी म्हणून" हे माइकवरून ऐकलं की तो भाऊ पुन्हा येत नाही. जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाचं नाव आणि रुग्णालयाचा पत्ता भिंतीवर लावा. खोलीची किल्ली दोघांकडे द्या, आणि जुलैत गाड्या बंद पडतील त्या संध्याकाळींसाठी फोनवरच्या सभेचा नंबर मेमध्येच सगळ्यांना लिहून द्या.